एकाच काडीला लांब मणी

लग्नाच्या पंगतीत कुणी "आपण काय करता?" असं विचारलं आणि मी पॅथॉलॉजिस्ट आहे म्हणाले, की मसालेभात येईपर्यंत कुणाच्या तरी पर्समधून थायरॉइडचा रिपोर्ट बाहेर निघतो. रक्त-लघवी तपासणारी बाई, अशी आमची ख्याती. खरं म्हणजे ऑपरेशनमध्ये शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि तो कशाचा आहे ते सांगायचं, हे माझं काम. पण जेवताना हे समजावून सांगायला लागलं तर समोरच्याचा घास घशात अडकतो. म्हणून मी आपली थायरॉइडचा रिपोर्ट वाचते, "गोळी सकाळी उपाशीपोटी घ्या" म्हणते आणि जिलबीकडे वळते.

नाशिकला शरणपूर रोडच्या एका आतल्या गल्लीत आमची लॅब. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक गृहस्थ बायकोचं काढलेलं गर्भाशय लोणच्याच्या बरणीत घेऊन आले होते आणि बरणीवरची 'कैरी, गोड' ही चिठ्ठी तशीच होती. नांदगावहून एक जण एसटीने तुकडा घेऊन आले, तो चक्क पाण्यात. डॉक्टरांनी तो टिकावा म्हणून फॉर्मॅलिनमध्ये घालून दिला होता, पण डब्याला वास येतो, शेजारचा प्रवासी कुरकुर करतो, म्हणून यांनी वाटेत स्टँडवर ते ओतून दिलं आणि पाणी भरलं. दिवसभराच्या उन्हात त्या तुकड्याची पार वाट लागली. मी चिडले, तर शांतपणे म्हणाले, "मॅडम, पाणी फिल्टरचं होतं."

आणखी एकांना त्यांच्या वडिलांचा ब्लॉक, म्हणजे आम्ही मेणात बसवून ठेवलेला तुकडा, परत हवा होता. रामकुंडावर अस्थी सोडायच्या, तर वडिलांचा एवढासा भाग मागे का राहावा, असं त्यांचं म्हणणं. मी सही घेऊन देऊन टाकला. तोवर मला आमच्या कपाटातले ब्लॉक म्हणजे नुसते नमुने वाटायचे. त्या दिवशी ते कपाट बंद करताना जरा हळू बंद केलं.

कारण आमच्या कामात पेशंट भेटतच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला डोळे दिसतात, दातांच्या डॉक्टरला निदान तोंड तरी दिसतं. मला दिसते ती काच. माणूस कुठला, त्याचा आवाज कसा, त्याच्या घरात कोण कोण आहे, यातलं काही कळत नाही आणि खरं सांगायचं तर ते मला सोयीचं होतं. मी मूळची माणूसघाणी. हा धंदा निवडला त्याचं निम्मं कारण तेच.

आता थोडं कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. तुकडा आला की तो फॉर्मॅलिनमध्ये टिकवायचा, त्यातलं पाणी काढून टाकायचं आणि मेणात बसवायचा. हा झाला ब्लॉक. मग तो कापायच्या यंत्रावर चढवून इतके पातळ काप काढायचे की जवळ कुणी शिंकलं तर उडून जावेत. हे काप कोमट पाण्यावर पसरतात आणि खालून काच सरकवून ते अलगद उचलायचे. आमच्याकडे हे काम अशोक करायचा. लॅब सुरू झाली तेव्हापासून तो माझ्याबरोबर. काप काढताना कुणी बोललेलं त्याला चालत नसे, मीसुद्धा. शेवटी रंग द्यायचा. पेशीचं केंद्र जांभळं, बाकी सगळं गुलाबी. आमचं आयुष्य या दोन रंगांत गेलं.

यात एक गोम आहे. प्रत्येक नव्या तपासणीला नवे काप लागतात, आणि ब्लॉक यंत्रावर दरवेळी नव्याने चढवला की तो सपाट करण्यातच थोडा भाग फुकट जातो. मोठी गाठ असेल तर हरकत नाही. पण मेंदूतला किंवा मज्जारज्जूतला एवढासा तुकडा असला, की "आणखी एकच रंग लावून बघू" म्हणता म्हणता ब्लॉक संपतो. मग हातात निदानही नाही आणि तुकडाही नाही. हा मोह आमच्याच धंद्यात होतो, आणि माणूस जितका हुशार तितका जास्त होतो.

या मेंदू-मज्जारज्जूच्या गाठींना आम्ही पूर्वी चेहऱ्यावरून नाव ठेवायचो. पेशी कशा दिसतात, किती दाटीने बसल्यात, यावरून. पुढे कळलं की दिसायला सख्ख्या बहिणी असलेल्या दोन गाठी आतून अगदी परक्या असू शकतात. पेशीत जनुकांची लांबच लांब माळ असते. एखाद्या पेशीत ती दोन ठिकाणी तुटते आणि पेशी घाईघाईने भलतीच टोकं एकमेकांना जोडून टाकते. याला म्हणतात फ्यूजन. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर काढून वायर डायरेक्ट केली तर ती मोटार बंदच होत नाही, तसं त्या पेशीचं होतं. ती वाढतच राहते. मोटार कुठली हे समजलं तर पुढचं पुष्कळ ठरतं. काही जोडण्या संथ गाठींच्या असतात, काही भयंकर गाठींच्या, आणि काहींसाठी तर नेमकी तीच मोटार बंद करणाऱ्या गोळ्या आता निघाल्या आहेत.

माझ्या उमेदीच्या काळात यातलं काहीच नव्हतं. आम्ही "वाईट दिसतं" म्हणालो, की वाढत्या पोराच्या पाठीवर रेडिएशन. त्यातल्या काही गाठी मुळात संथच असतील. आज ते कळायचा मार्ग नाही आणि याचं मला वाईट वाटतं. कुणाची चूक होती असं म्हणता येत नाही, म्हणून ते वाईट वाटणं कुठे ठेवावं तेही कळत नाही.

आरोही दिंडोरीची. वय आठ, घर द्राक्षबागायतदाराचं. शाळेत कवायतीला डावा पाय ओढते, असं बाईंनी घरी कळवलं. घरच्यांनी आधी चप्पल बदलली, मग तेल लावून बघितलं, मग एमआरआय काढला. मज्जारज्जूच्या आत गाठ होती. हे सगळं मला नंतर कळलं. माझ्यापर्यंत आली ती फक्त एक काच.

ऑपरेशन चालू असताना सर्जन एक कण पाठवतात आणि पेशंट भुलीत असतानाच आम्ही अंदाज सांगायचा असतो. मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा कण असेल तर तो दोन काचांमध्ये दाबून पसरवतात. मी बघितलं आणि थिएटरमध्ये फोन लावला.

"काय म्हणता?" सर्जनांनी विचारलं.

"गाठीच्याच पेशी आहेत. जात सांगता येत नाही. अजून थोडं मिळेल का?"

"मिळेल. पण पाय जातील."

"मग नको."

त्यांनी हात आवरला आणि जेवढं निघालं तेवढं पाठवलं. सगळं मिळून ज्वारीच्या चार दाण्यांएवढं.

नेहमीचे रंग लावले. काही पेशी लांबट, शांत, पसरून बसलेल्या. काही मात्र दाटीने आणि रागीट चेहऱ्याच्या. माझ्यासमोर दोनच शक्यता होत्या. एक संथ गाठ, जी अंगात घेऊन ही पोर वर्षानुवर्षं जगली असती. दुसरी अशी, की पोर वर्षभर तरी हाती लागेल की नाही कोण जाणे. त्या वाईट जातीसाठी एक खास रंग असतो, तोही लावला. तो कुठे लागला, कुठे लागलाच नाही. असा अर्धवट रंग म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही.

अशोक ब्लॉक हातात घेऊन दारात उभा राहिला. "मॅडम, रंग परत लावायचा का?"

"किती उरलंय?"

त्याने ब्लॉक खिडकीच्या उजेडात धरला. मेणात एक फिकट पापुद्रा दिसत होता. "एकदा रंग लावता येईल, नाहीतर जनुकाच्या तपासणीला बाहेर पाठवता येईल. दोन्ही नाही व्हायचं."

मी खुर्चीत बसून राहिले. रंग परत लावला आणि नीट उठला, तर संध्याकाळपर्यंत माझ्या सहीचं निदान तयार. नाही उठला तर सगळंच गेलं. आणि बाहेर पाठवायचं तर रिपोर्टवर लिहावं लागणार की मला सांगता येत नाही. एवढी वर्षं "मॅडम बघतील ना" हे ऐकून ऐकून माझी मान जरा ताठ झाली होती, हे मी नाकारत नाही. हात त्या रंगाकडे जात होता. शेवटी म्हणाले, "अशोक, ठेव खाली. थांबू."

रिपोर्टवर लिहिलं, नक्की जात सांगता येत नाही, उरलेला तुकडा जनुक-तपासणीसाठी राखला आहे. तासाभरात सर्जनांचा फोन. "मॅडम, तुम्ही कधीपासून असं लिहायला लागलात? घरचे बाहेर बसलेत, रेडिएशनवाले तारीख मागतायत. मी काय सांगू?"

"सांगा, बाईंना येत नाही."

ते नाइलाजाने हसले आणि थांबायला तयार झाले. अशोकने मग एकाच बैठकीत, ब्लॉक मधे एकदाही खाली न उतरवता, होते तेवढे सगळे काप काढले. त्या वेळी त्याने पंखा बंद केला, माझा मोबाइल काढून घेतला आणि दाराला आतून कडी घातली. काप परगावच्या लॅबला गेले. तिथून मला आधीच सांगून ठेवलं होतं की माल फार थोडा आहे, तपासणी फसूही शकते. ते आठवडे मी घरी सगळ्यांवर खेकसत होते.

फसली नाही. दोन जनुकं चुकीची जोडली गेली होती. त्यातल्या एकाला नाव म्हणून जी अक्षरं आणि आकडे आहेत ते वाचून पोलिसांनी एमएच पंधराची एखादी गाडी चौकातून उचलून नेली असावी असं वाटतं. दुसरं होतं ब्रॅफ, ती बंद न होणारी मोटार. आणि ही जोडी संथ गाठीची! रेडिएशनची गरज नाही, सलाइनमधून साधी औषधं द्यायची, लक्ष ठेवायचं, आणि पुढेमागे लागल्याच तर गोळ्या आहेत. मी रिपोर्ट अशोकला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला. "पंखा बंद केला ते बरं केलं," एवढंच म्हणाला. मला मात्र त्या दिवशी शाळकरी मुलीसारखा आनंद झाला होता.

माझ्या लेखी इथे केस संपली. पण काही दिवसांनी कॅन्सरच्या डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, औषध सुरू करायचं तर पेशंटच येईना. आजोबा म्हणतात, रिपोर्टमध्ये जीन लिहिलंय, म्हणजे खानदानी आजार, त्याला औषध काय करणार. उशीर होतोय, पाय अजून अशक्त होत चाललाय. मी सांगून थकलो. तुमच्या रिपोर्टवरून झालंय, तुम्हीच बघा."

तर ते लॅबमध्ये आले. आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणत, मुलीचे वडील संदीप आणि आई मनीषा. आरोहीला अशोकने आपल्याजवळ बसवून खेळायला मेणाचे तुकडे दिले. मी आयुष्यात पहिल्यांदाच एका काचेच्या मालकिणीला बघत होते. दोन वेण्या, आणि बाकावर बसताना डावा पाय हाताने उचलून ठेवायची सवय.

दिंडोरीची माणसं, तर द्राक्षाचं उदाहरण द्यावं, असा शहाणपणा मला सुचला.

"आबा, तुम्ही बागेत कलम भरता ना? खाली एक खुंट, वर दुसरी काडी. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र जोडल्या जातात. तसंच या गाठीत दोन जनुकं जोडली गेलीत."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, पटलं.

"खुंट म्हंजी मूळ," ते म्हणाले.

"हो, म्हणजे तसं..."

"वरची काडी आमची. आमच्या घरात कधी असं नाय झालं. मंग खुंटच खराब निघाला म्हनायचा."

मनीषाकडे त्यांनी बघितलंही नाही. तशी गरजच नव्हती. तिने मान खाली घातली आणि आमच्या फरशीवरचे डाग बघत राहिली. संदीप खिडकीबाहेर बघत होता.

"आबा, माझं म्हणणं तसं नाही, हे आईकडून किंवा वडलांकडून..."

"खुंटाला रोग आसला ना मॅडम, तर फवारे मारून उपेग नसतो. बाग काढावी लागती. मंग पोरीला सुया कशाला टोचायच्या? जेवढे दिस हायेत तेवढे हसून-खेळून जाऊ द्या." निर्दय माणूस नव्हता तो. नातीचा हात धरून जिना उतरला, एकेक पायरी थांबून थांबून.

कलम म्हटलं की द्राक्षवाल्याला आधी खुंट दिसतो, मग त्याची जात, मग ती कुठून आणली हे दिसतं, एवढं मला नाशकात जन्म काढून कळू नये? मी डोक्याला हात लावून बसले. अशोक मेणाचे तुकडे गोळा करत म्हणाला, "मॅडम, मोटारीचं सांगायचं होतं."

त्या रविवारी मी दिंडोरीला गेले. पेशंटच्या घरी जायची ही माझी पहिलीच वेळ. संदीपला फोन केला, तर तो नको म्हणाला नाही आणि या असंही म्हणाला नाही, फक्त रस्ता सांगितला. थंडी होती, बागांमध्ये घडांना कागद गुंडाळलेले. घरात शिरले तेव्हा आरोही भिंत धरून चालत होती. लॅबमध्ये आली तेव्हा तिला भिंत लागत नव्हती.

मनीषाने चहा आणला आणि ती चटकन आत गेली. आबा बागेत होते, म्हणून मी संदीपबरोबर बागेत गेले. मी मोटारीचं उदाहरण घोकून आले होते. स्टार्टर, डायरेक्ट वायर, सगळं हातवारे करून सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. पाहुणी आहे, एवढ्याचसाठी.

"मॅडम, मोटार विकत आनलेली आसती," ते म्हणाले. "पोर पोटची आसती."

आम्ही तिघं वेलींच्या ओळीतून परत निघालो. वाटेत एका काडीला लाल फडकं बांधलेलं दिसलं. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "हे कशाला बांधलंय?"

संदीप थांबला. "ह्या एका काडीला मनी लांब येत्यात, मॅडम. दोन-तीन सीझन झाले. बाकी सगळ्या वेलीला आपले नेहमीचे. बघा ना." त्याने कागद बाजूला केला. खरंच, त्या घडाचे मणी बोटाच्या पेरासारखे लांब होते आणि शेजारच्या काडीचे बुटके.

मी दोन्ही घड हातात धरून बघितले. "आबा, हिचा खुंट वेगळा आहे का?"

"खुंट कशाला वेगळा आसंल? एकाच खुंटावर हाय सगळी वेल."

"मग कलम भरताना काही चुकलं?"

"नाय नाय. कलमाचा काय संबंध? होतं कधी कधी. लाखात एखादी काडी आपल्या मनानं फिरती. आमचं सोनाकाचं वाण तसंच तर निघालं, थॉमसन द्राक्षाच्या बागेत."

"आणि ही लांब मण्यांची काडी तुम्हाला नको असती, तर ही वेल उपटली असती?"

"उपटायची कशाला? बाकी वेल चांगली हाय की."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. ते तिथेच उभे राहिले, एक हात तारेवर ठेवून.

"आरोहीचं तसंच आहे, आबा," मी म्हणाले. "एका पेशीत, एकाच जागी फिरलंय. पोरगी जन्मली तेव्हा ते तिच्यात नव्हतं. तुमच्याकडून आलं नाही, मनीषाच्या माहेराहून आलं नाही. तेवढी काडी आपण आवरायची. वेल निरोगी आहे."

उदाहरण तंतोतंत नव्हतं, हे मला कळत होतं. ती काडी ते जपणार होते आणि ही आम्हाला दाबून ठेवायची होती. पण मी आता शहाणपण आवरलं. आबांनी लाल फडक्याची गाठ सोडली, नीट आवळून पुन्हा बांधली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "औशद कोनत्या वारी आसतं?"

"तुम्ही म्हणाल त्या वारी."

"बुधवारी येतो."

घराच्या दारात मनीषा उभी होती. संदीपने तिला 'बुधवारी जायचंय' एवढंच सांगितलं. आबा तिच्या समोरून आत गेले, पाणी मागून प्याले, पण तिला काही बोलले नाहीत. मला ते खटकलं. पण घरातली गोष्ट आहे, आपोआप मिटेल, असं म्हणून मी गाडीत बसले.

वर्षभराहून जास्त औषध चाललं. केस विरळ झाले, शाळा बुडाली, दोनदा ताप येऊन दवाखान्यात ठेवावं लागलं. बुधवार मात्र आबांनी चुकू दिला नाही. गाठ गेली नाही. ती थोडी आक्रसली आणि झोपली, आजही तिथेच झोपलेली आहे. दर काही महिन्यांनी एमआरआय काढून ती झोपेतच आहे ना ते बघायचं. उठलीच तर गोळ्यांचा उपाय शिल्लक आहे, कारण मोटार कुठली ते आम्हाला माहीत आहे. डाव्या पायाला आधाराची पट्टी घालून आरोही चालते, भिंत न धरता.

गेल्या द्राक्षाच्या हंगामात मी काम थांबवलं. मान दुखते आणि डोळेही आता उधारीवर आहेत. शेवटच्या आठवड्यात लॅबमध्ये आवराआवर चालली होती, तेव्हा हे सगळं कुटुंब न सांगता आलं, हातात द्राक्षांची पेटी. अशोकने झाकण उघडलं. सगळे लांब मणी.

"त्याच काडीचे," संदीप म्हणाला. "कलमं वाढवली आता."

आरोहीला द्राक्षांत रस नव्हता. ती सरळ माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, मला माझी गाठ बघायचीय."

मी अशोककडे बघितलं. त्याने कपाटातून काच काढून आणली. स्टुलावर उशी ठेवून तिला बसवलं, आणि दिसतंय का विचारलं.

"ही?" तिने डोळे वर केले, चांगलीच नाराज दिसत होती. "गुलाबीच हाय. मला वाटलं काळीकुट्ट आसंल."

सगळे हसले. मग संदीपने बघितलं, अशोकच्या सांगण्यावरून चाक फिरवलं, "भारीच" म्हणाला आणि बाजूला झाला. आबा दाराशीच उभे होते. मी बोलावलं तर हातानेच नको म्हणाले.

मनीषा सगळ्यात शेवटी बसली. तिने साडीचा पदर खोचला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बघायला लागली. बराच वेळ बघत होती. एवढा वेळ तर मीसुद्धा एका जागेकडे बघत नाही. मग डोळे तसेच ठेवून हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, एक इचारू?"

"विचार ना."

"ह्याच्यात माझं काही दिसतंय का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बागेतला तो रविवार, बुधवारमागून गेलेले बुधवार, एवढे सगळे एमआरआय, आणि ही बाई त्या दिवशी माझ्या फरशीकडे बघत जिथे बसली होती तिथेच अजून बसलेली होती. मी सगळ्यांना समजावलं होतं. हिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण हिने विचारलं नव्हतं.

"नाही गं," मी म्हणाले. "काही नाही. तुझं काहीच नाही त्यात."

ती नुसतं "हं" म्हणाली. पण ती ज्याच्या उत्तराची वाट बघत होती, तो माणूस मी नव्हतेच. आबांनी दाराशी चपला काढल्या, खरं तर आमच्याकडे चपला काढायची पद्धत नाही. मग आत येऊन ते तिच्या स्टुलामागे उभे राहिले.

"खुंट चांगला हाय, पोरी," ते म्हणाले. "लय चांगला हाय. मी बोललो ते चुकीचं बोललो."

मनीषाने डोळे सूक्ष्मदर्शकावरून उचलले नाहीत. तिचे खांदे तेवढे हलत होते. आरोही विचारत होती की आई एवढं काय बघतेय, आणि अशोक तिला द्राक्षं धुऊन आणू या म्हणून बाहेर घेऊन गेला. मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद करायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला. तिला हवा तेवढा वेळ ती काच बघू दिली.